क्लबफूटचे दांडीवाले बूट: वर्षभराहून जास्त वापरल्यावर

आमच्या मुलाचं डावं पाऊल जन्मतःच आत वळलेलं, म्हणजे क्लबफूट. दर आठवड्याला नवं प्लास्टर, मग टाचेमागची ताठर शीर मोकळी करायची छोटी शस्त्रक्रिया, परत तीन आठवडे प्लास्टर. ते शेवटचं निघालं त्याच दिवशी, दवाखान्यातच, हे बूट पायात आले. आता पोरगा धावतो, जिना चढतो आणि रात्री बूट घालून झोपतो. प्लास्टरबद्दल सगळे भरभरून सांगतात. बुटांची वेळ आली की हातात कागद देतात आणि त्यावर ‘दिवसाला २३ तास’ एवढंच लिहिलेलं असतं. म्हणून हे जरा सविस्तर.

आमचा जोड स्टीनबीक नमुन्याचा. हा नमुना युगांडात तयार झाला. तिथल्याच कारागिरांना तिथल्याच चामड्या-लोखंडातून बनवता यावा, असा त्याचा विचार. चामड्याचे दोन बूट, बोटांकडून उघडे. आत घोट्यावरून जाणारा बक्कलचा पट्टा, वर लेस, आणि मागे टाच दिसावी म्हणून एक भोक. दोन्ही तळ एका लोखंडी दांडीला जोडलेले. दांडी साधारण बाळाच्या खांद्यांच्या रुंदीएवढी. वळलेला पाय बाहेरच्या बाजूला ६० ते ७० अंशांवर, चांगला पाय ३० ते ४० वर. पहिल्यांदा बघून माझ्या पोटात गोळाच आला होता.

चांगल्या पायाला शिक्षा कशाला, हे मला वर्षभर प्रत्येक लग्नात आणि बारशात विचारलं गेलं. कारण सोपं आहे. एकट्या पायाला पट्टी बांधली तर तो बाहेर वळलेला राहत नाही, त्याला रोखून धरायला समोर काहीतरी लागतं. ते काम दांडी आणि दुसरा पाय करतात. शिवाय बाळ दोन्ही पाय मिळून झाडतं, तेव्हा शिरा आपोआप ताणल्या जातात. प्लास्टरने पाऊल सरळ झालं तरी त्याला आत ओढणारी खोड पहिली काही वर्षं तशीच असते. म्हणून पहिले तीन महिने २३ तास, मग रात्री आणि दुपारच्या झोपेला, आणि हे चालतं चार-पाच वर्षांचं होईपर्यंत. पाऊल पुन्हा वळण्याचं सगळ्यात मोठं कारण बूट सोडून देणं हेच असतं. प्लास्टर, छोटी शस्त्रक्रिया आणि मग बूट या पद्धतीचे जनक डॉ. पोन्सेटी मूळचे स्पेनचे, काम अमेरिकेत आयोवाला केलं. ३ जून हा त्यांचा जन्मदिवस क्लबफूट दिन म्हणून पाळतात. आमच्या ओपीडीत त्या दिवशी फुगे लावले होते.

आता घालायची रीत. सगळा खेळ टाचेचा. टाच तळाला टेकली नाही तर बूट पायात असून नसल्यासारखे. वळलेला पाय आधी घ्यायचा. बाळाचा गुडघा वाकवायचा, पाऊल आत सरकवायचं, बुटाची जीभ अंगठ्याने घोट्यावर दाबून धरायची आणि आधी पट्टा आवळायचा. लेस नंतर. मग मागच्या भोकातून बघायचं. तिथे मोज्याचा गोलवा दिसला तर ठीक, पोकळी दिसली तर सगळं सोडून परत पहिल्यापासून. मी बुटाच्या आत बोटांची टोकं येतात तिथे पेनाने रेघ मारून ठेवली होती. पहाटे बोटं रेघेच्या मागे दिसली की पाय निसटतोय हे कळायचं. नुसतं हलवून ‘घट्ट आहेत’ म्हणण्यात अर्थ नाही.

पहिले दोन-तीन दिवस पोरगं रडतं. दुखतं म्हणून नाही, एकेक पाय वेगळा झाडता येत नाही म्हणून. दांडी हातात धरून दोन्ही गुडघे एकदम वाकवायचे, एकदम सरळ करायचे, वर काहीतरी बडबडगीत. हे त्याला जमलं की रडं थांबतं. रडला की काढले, असं दोनदा झालं की ते पोरगं आपल्यापेक्षा हुशार ठरतं.

घरातलं राजकारण या बुटांइतकंच जड. सासूबाई अकोल्याच्या, प्रेमळ, पण दुपारी मी डोळा लावला की बूट गायब. “लेकराले काहून एवढा तरास देता? पाय तर सरळ झाला ना!” मधेच ग्रहणाचा विषय, मी म्हणे गरोदरपणात भाजी चिरली होती. त्या वादात मी शिरलेच नाही. पुढच्या तारखेला त्यांनाच सोबत नेलं. तिथल्या फिजिओ मॅडमनी त्यांना बाकावर बसवून बूट घालायला शिकवले आणि भोकातून टाच कशी बघायची ते दाखवलं. तेव्हापासून पट्टा आवळायचं काम आजीकडे. मोजे ओले आहेत, बक्कल एक घर ढिलं आहे, हे आता त्या मला सुनावतात.

झोळीचं मात्र जमत नाही. झोळीत कापड दोन्हीकडून आवळतं, दांडी आडवी अडकते आणि पाय पिळवटतात. आम्ही झोळी काढून सपाट तळाचा लाकडी पाळणा आणला. दांडीला जुन्या गोधडीचा तुकडा गुंडाळून शिवून टाकला, नाहीतर पाळण्याच्या कठड्यावर रात्रभर ठकठक. दूध पाजताना तीच दांडी आपल्या बरगडीत बसते, तेव्हा ती गोधडी आईसाठीही आहे असं समजा. नेहमीसारखं कडेवर बसवता येत नाही, आडवं घ्यावं लागतं. एसटीत खिडकीची जागा मिळाली तर बरं.

उन्हाळा हा या बुटांचा खरा शत्रू. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो. चामडं, त्यात मोजा, त्यात घाम. पातळ सुती मोजे, आतून शिवण टोचत नाही असे, भरपूर घेऊन ठेवा आणि ओले झाले की बदला. आंघोळीच्या त्या एका तासात तेल-मालीश जरूर करा, पण बूट घालण्याआधी पावलं कोरडी पुसा. तेलकट पाऊल बुटातून साबणासारखं सटकतं. लाल खुणांवर पावडर, क्रीम काही लावायचं नाही, त्याने कातडी आणखी मऊ पडून सोलते. पट्ट्याखाली फिकट लाली चालते. टाचेच्या मागे गडद लाल डाग किंवा फोड आला तर टाच वर सरकतेय असं समजायचं. अशा वेळी पट्टा सैल करावासा वाटतो, पण बहुतेक वेळा तो नीट घट्ट करायचा असतो. फोड फुटला असेल तर मात्र दवाखाना गाठा.

बूट धुवायचे नाहीत. ओल्या फडक्याने आतून पुसून पंख्याखाली ठेवायचे. उन्हात ठेवले की चामडं कडक होतं आणि कडा घोट्याला कापतात. पावसाळ्यात बुरशी येते, तेव्हा रोज पुसणं आलंच. बक्कलची शिवण उसवली तर चौकातला मोची दहा मिनिटांत घालून देतो, पण तळ, नट आणि दांडीचा कोन याला त्याला हात लावू देऊ नका. नट हळूहळू ढिले होतात. आम्ही पाना पाळण्याच्या खिळ्यालाच टांगून ठेवलाय.

मधे एकदा माप वाढलं आणि दवाखान्यात पुढचा जोड शिल्लक नव्हता, म्हणून बाहेरच्या एका दुकानातून करून घेतला. दिसायला देखणा, पैसेही चांगलेच घेतले, पण टाचेला भोक नाही आणि दांडी उलटी बसवलेली. दांडीला मधे किंचित बाक असतो आणि त्याचा फुगवटा बाळापासून लांबच्या बाजूला यायला हवा, तेव्हाच पावलं वरच्या दिशेने उचललेली राहतात. उलट बसवली तर नेमकं नको ते होतं. डॉक्टरांनी बघताक्षणी काढून ठेवायला सांगितलं. बाहेरून घ्यायचे असतील तर घरी नेण्याआधी इलाज करणाऱ्यांना दाखवाच.

परदेशी मऊ सँडलचेही जोड मिळतात, मिचेल नावाचे. आतून मऊ रबरासारखा थर, घालायला सोपे, किंमत मात्र आपल्या जोडाच्या कित्येक पट. पाऊल अगदी आखूड, गुबगुबीत असेल आणि टाच कशातच टिकत नसेल, तर ते कामाचे, मुळात तशाच पावलांसाठी ते बनवले गेले. साध्या केसला चामड्याचे पुरेसे आहेत असं माझं मत. आमचे दवाखान्यातून मोफत मिळाले. सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात क्लबफूट येतो, तेव्हा खर्चाच्या धास्तीने थांबलेल्यांनी आधी जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. अंगणवाडीताईंनाही बऱ्याचदा माहीत असतं.

बुटांमुळे चालणं लांबेल ही भीती आम्हालाही होती. तो वेळेवर उभा राहिला. रांगताना दांडी फरशीवर खरडत रांगायचा, खालच्या मजल्यावरचे वैतागायचे.

बोटं बुटाच्या कडेवरून पूर्ण खाली वळू लागली की पुढचं माप. खांदे दांडीपेक्षा रुंद झाले की दांडी लांब. आणि पोराला अधूनमधून उकिडवं बसवून बघत जा: दोन्ही टाचा जमिनीला टेकतात का, चालताना पुढचं पाऊल आत पडतं का. टाच उचलली जाऊ लागली किंवा बूट घालायला अचानक जड जाऊ लागले, तर पुढच्या तारखेची वाट न बघता लगेच जा. लवकर गेलं तर थोड्या प्लास्टरमध्ये बहुतेकदा भागतं.