ताज्या अंडरसीलखाली गेलेले १४,७५० पौंड

१४,७५० पौंड. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण तो लपवण्यातच माझे चार महिने गेले. बायकोशिवाय कुणालाही सांगितलं नव्हतं.

गाडी १९७२ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार, क्रोम बंपरची, टील ब्लू. विकणारा इंग्लंडमधल्या लिंकनशायरच्या एका खेड्यातला, साठीचा, मृदू बोलणारा. जाहिरातीत एक वाक्य ठळक केलेलं: "तळ कारखान्यातून आला तसाच, वेल्डिंग कधीच नाही." पुढचं तुम्हाला माहीतच असेल. गाडी वारलेल्या भावाची, शनिवारी दुसरं गिऱ्हाईक येणार, ५०० पौंड पाठवलेत तर तुमच्यासाठी ठेवतो. मी पाठवले.

कुणी म्हणेल, एवढंही कळलं नाही? कळत होतं हो. सहा वर्षं या गाड्यांबद्दल वाचतोय मी. एमजीबीला वेगळी चासी नसते, सगळी ताकद सिलमध्ये, म्हणजे दाराखालच्या पोकळ पेटीत असते, आणि सिल म्हणजे नुसता बाहेरून दिसणारा पत्रा नव्हे. आत उभा पत्रा आणि खाली कॅसल रेल, हे मला तोंडपाठ होतं. कारखान्यात तळालाही बॉडीचाच रंग लागायचा आणि काळं अंडरसील, म्हणजे गंज रोखणारा डांबरी थर, बहुतेक वेळा नंतर डीलरने नाहीतर मालकाने मारलेलं असतं, हेही ठाऊक होतं. त्याने मला पकडलं ते याच माहितीवर.

त्याने कबूल केलं की गेल्या वर्षी "जपणूक म्हणून" तळाला अंडरसीलचा हात दिलाय. मग माझ्यासोबत गाडीखाली शिरला, खिशातून चाकू काढला आणि ड्रायव्हरच्या सीटखालचा काळा थर तळहाताएवढा खरवडला. खालून टील ब्लू निघाला. "हा बघा, एकाहत्तर-बाहत्तरचा रंग." माझ्या मनातली शंका तिथेच मेली. जागा त्याने निवडली होती. चाकू त्याचा होता. मी दुसरीकडे खरवडा म्हटलं नाही. विकणारा दाखवतो तिथे कधी बघू नका, तुम्ही बोट ठेवाल तिथे त्याला खरवडू द्या. नाही म्हणाला तर निघून या.

आणि आता ते, जे रात्री झोपू देत नाही. कॅसल रेलच्या खालच्या कडेला किल्ल्याच्या तटासारख्या खाचा असतात, म्हणून तर ते नाव. सिलमध्ये गेलेलं पाणी तिथून बाहेर पडतं. मी हात घालून त्या कडेवरून बोट फिरवलं. कड सलग लागली. पुढून मागेपर्यंत एक खाच लागली नाही. बोट थांबलं, मी विचारलंसुद्धा, "खाचा कुठे आहेत?" तो म्हणाला, "थर जाड बसलाय, खरवडलं की मोकळ्या होतील." आणि मी मान डोलावली. जरी ते खरं असतं, तरी बुजलेल्या खाचा म्हणजे आत साठलेलं पाणी, आतून सडणारा पत्रा. हे मला माहीत असूनही मी मान डोलावली.

शिवाय ब्रेकचे पाइप, हँडब्रेकची केबल, बोल्टांची डोकी, सगळी त्याच काळ्या थराखाली. बॉडीला रंग लागतो तेव्हा पाइप बसवलेलेच नसतात, म्हणजे हा थर कारखान्यातला नव्हेच, नंतरचा. कारखान्याच्या जुन्या तळावर स्पॉट वेल्डचे खळगे दिसतात, सांध्यांवर सीलर ओढलेला दिसतो. इथे सगळं गुळगुळीत, शर्टाच्या बाहीला डांबरासारखा डाग, नाकात तोच ताजा वास. एक वर्षापूर्वीचा थर बाहीला चिकटत नाही.

पण पाऊस पडत होता, तीन तास गाडी चालवून गेलो होतो, लॉगबुक, म्हणजे गाडीच्या नोंदणीचा कागद, जागेवर होतं. एमओटी, म्हणजे दरवर्षीची सक्तीची तपासणी, नव्हती; ४० वर्षांवरच्या गाड्यांना २०१८पासून ती माफच आहे, म्हणून त्याचंही काही वाटलं नाही. माफ असली तरी स्वखुशीने करून घेता येते आणि जास्तीत जास्त ५४.८५ पौंड लागतात. ५४.८५! मी उरलेले १४,२५० तिथेच उभ्या उभ्या बँकेतून पाठवले.

तीन आठवड्यांनी गाडी रॅम्पवर चढली. वेल्डिंगवाल्याने स्क्रू ड्रायव्हर लावला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. जुन्या सडक्या सिलवर नवा पत्रा नुसता चिकटवलेला, मध्ये फोम आणि फिलर, फ्लोअरला रिव्हेटने ठोकलेल्या पट्ट्या. कॅसल रेल उरलीच नव्हती. तो खरवडलेला तुकडा तेवढा चांगला, कारण तो नवा पत्रा होता, गाडीच्या रंगात रंगवून बसवलेला. खर्चाचा अंदाज ११,३०० पौंड, कारण रोडस्टरचं सिल कापायच्या आधी दाराच्या चौकटीत आधार वेल्ड करावा लागतो, नाहीतर गाडी मधोमध वाकते.

मग दारं ठोठावणं सुरू झालं. फसवणुकीची ऑनलाइन तक्रार केली. एक क्रमांक मिळाला आणि अकरा आठवड्यांनी पत्र, की तपासासाठी पुरेसा धागा नाही. पत्ता आहे, खातं क्रमांक आहे, गाडी आहे, आणखी कोणता धागा हवा? स्थानिक पोलीस म्हणाले हा दिवाणी वाद. बँकेला सांगितलं की ऑक्टोबर २०२४पासून फसवून घेतलेले पैसे परत देण्याचा नियम आहे. ती म्हणाली तुम्हाला गाडी मिळाली, मालाच्या दर्जाबद्दलचा वाद त्यात बसत नाही. ग्राहक हेल्पलाइनवर ४० मिनिटं थांबलो. व्यापाऱ्याकडून घेतली असती तर ३० दिवसांत परत करता आली असती, हा खासगी विक्रेता, असं त्या बाई म्हणाल्या. अहो, तो खासगी नाहीच! लॉगबुकवर त्याचं नावच नाही, वारलेल्या भावाचं म्हणून जे नाव दाखवलं तो मनुष्य जिवंत आहे, मी त्याच्याशी बोललो, त्याने हीच गाडी ४,२०० पौंडांना विकली होती. हे सिद्ध तुम्हीच करा, असं उत्तर. कोर्टात लहान दाव्यांची मर्यादा १०,००० पौंड, माझा दावा त्यावर, म्हणून फी पाच टक्के, ७३७.५० पौंड, आणि विकणाऱ्याचं ते घर भाड्याचं होतं, आता रिकामं आहे. पैसे भरून नोटीस कुणाला बजावू? प्रत्येक जण नम्र होता. एकानेही फाइल उघडून फोटो बघितले नाहीत.

लॉगबुकवरचं नाव आणि समोर उभा माणूस वेगळे असतील तर लगेच परत फिरा. जाहिरातीचे फोटो त्याच दिवशी साठवून ठेवा, माझ्या गाडीची जाहिरात दुसऱ्या दिवशी गायब झाली. ताजं काळं अंडरसील दिसलं की किंमत सडक्या सिलची द्या. ज्याला खरंच गाडी जपायची असते तो पारदर्शक मेण मारतो, खालचा पत्रा दिसू देतो.

गेल्या आठवड्यात दुसऱ्या काउंटीत एक जाहिरात दिसली. एमजीबी जीटी, लाल, मालक वारलेला भाऊ, "तळ कारखान्यातून आला तसाच". मी ती माझ्या तक्रार क्रमांकासह पाठवली आहे, अजून उत्तर नाही. सहाव्या फोटोत गाडीचा खालचा भाग दिसतो. कॅसल रेलची कड सलग काळी आहे.