क्षारांची द्रावणं मोजायला पेन पीएच मीटर : कुठे भरवसा ठेवायचा, कुठे जपायचं

हा पेनसारखा पीएच मीटर घेतला तो खास क्षारांच्या, म्हणजे आम्ल आणि आम्लारी मिळून बनणाऱ्या मिठासारख्या पदार्थांच्या, द्रावणांसाठी. पीएच म्हणजे द्रावण किती आम्ल किंवा आम्लारी ते सांगणारा आकडा, सातच्या खाली आम्ल, वर आम्लारी. तीव्र आम्ल आणि तीव्र आम्लारी पीएच पेपरवरही कळतात हो, एक लालभडक नि एक जांभळा, पण मीठ, अमोनियम क्लोराइड आणि सोडियम अ‍ॅसिटेट शेजारी शेजारी ठेवले की पेपर पिवळट हिरवट रंगातच घुटमळतो आणि बघणारे दोघं दोन वेगळे आकडे सांगतात. शिवाय पेपरमधला इंडिकेटर, म्हणजे रंग बदलणारा पदार्थ, स्वतःच सौम्य आम्ल किंवा आम्लारी असतो, त्यामुळे बफर (पीएच सहसा हलू न देणारं मिश्रण) नसलेल्या द्रावणात तोच पीएच थोडा हलवतो.

मीटरने इथे मन जिंकलं. ०.१ मोलर (लिटरमागे ०.१ मोल) अमोनियम क्लोराइडचा पीएच हिशेबाने ५.१३ येतो आणि स्क्रीन ५.१ च्या जवळ येऊन थांबते, सोडियम अ‍ॅसिटेटचा हिशेब ८.८७ आणि रीडिंग ८.८ च्या आसपास. पण खरी मजा पातळ करण्यात आहे. तेच अ‍ॅसिटेट दहापट पातळ केलं की पीएच साधारण अर्ध्याने उतरतो आणि ते डोळ्यांसमोर दिसतं, उलट अमोनियम अ‍ॅसिटेट पातळ करा, ते आपलं सातच्या आसपासच राहतं, कारण तिथे आम्ल आणि आम्लारी दोन्ही सौम्य आणि जवळजवळ सारख्याच ताकदीचे, म्हणून पीएचच्या सूत्रात कॉन्सन्ट्रेशन (द्रावण किती दाट ते) येतच नाही. वहीत सूत्र लिहून पाठ करणाऱ्या पोरांना हे एकदा दाखवा, परत विचारावं लागत नाही.

अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड पण नक्की मोजा. त्यात एचसीएल (हायड्रोक्लोरिक आम्ल) ओतलेलं नसतं तरी ०.१ मोलरला पीएच ३ च्या आसपास जातो, म्हणजे जवळपास व्हिनेगरएवढा आंबट. अ‍ॅल्युमिनियमचा आयन तीन प्लसचा आणि एवढासा, तो भोवतीच्या सहा पाण्याच्या रेणूंमधले इलेक्ट्रॉन असे ओढून घेतो की त्या पाण्यातला हायड्रोजन सुटायला लागतो.

आता तक्रार लोक कुठे करतात, तर साध्या मिठावर. सोडियम क्लोराइड ७ यायला पाहिजे आणि मीटर सहाच्याही खाली दाखवतो, मग मीटर खराब म्हणून परत पाठवतात. अहो, मीटर बरोबर सांगतोय! हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून डिस्टिल्ड वॉटरच ५.६ च्या आसपास आलेलं असतं आणि मिठात ते सावरायची ताकद नाही. पाणी चांगलं उकळा, झाकून गार करा, त्यात मीठ घालून लगेच मोजा, आकडा सातकडे सरकतो. आणि नुसत्या शुद्ध पाण्यात रीडिंग भटकतं तेही साहजिक आहे, आयनच नाहीत तर इलेक्ट्रोड (पेनचं मोजणारं काचेचं टोक) स्थिर होणार कसा, थोडं पोटॅशियम क्लोराइड टाकलं की शांत होतो.

टेम्परेचरचं मात्र नीट समजून घ्या. डब्यावर ऑटोमॅटिक टेम्परेचर कॉम्पेन्सेशन लिहिलंय, ते फक्त इलेक्ट्रोडचा हिशेब सुधारतं, म्हणजे २५ डिग्रीला एका पीएचमागे जे साधारण ५९ मिलिव्होल्ट धरतात ते बदलतं. द्रावणाचा स्वतःचा पीएच तापमानाने बदलतो तो बदलतोच, ५० डिग्रीला तर न्यूट्रल पाणीच ६.६ च्या आसपास असतं. अमोनियम क्लोराइड विरघळताना बीकर हाताला गार लागतो आणि निर्जल सोडियम कार्बोनेटचा कोमट होतो, तेव्हा ढवळल्या ढवळल्या पेन बुडवू नका, खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

कमी कुठे पडतो ते पण सांगतो. मीटर आधी ठरलेल्या पीएचच्या बफरमध्ये बुडवून जुळवून घ्यावा लागतो, पण सोबत बफरच्या पुड्या फक्त ४ आणि ६.८६ च्या दिल्यात, हे मला अजिबात पटलं नाही. अ‍ॅसिटेट, बायकार्बोनेट, कार्बोनेट सगळे सातच्या वरचे, त्यांच्यासाठी ९.१८ किंवा १०.०१ चा बफर वेगळा घ्यावाच लागतो, नाहीतर कार्बोनेटचा ११.६ चा आकडा नुसता अंदाज ठरतो. बारापुढे तर या मीटरवर विसंबू नका, ट्रायसोडियम फॉस्फेटचा ०.१ मोलरला पीएच १२.५ च्या आसपास असतो आणि तिथे काचेचा इलेक्ट्रोड सोडियमच्या आयनांनाही थोडं हायड्रोजन समजून बसतो, रीडिंग खऱ्यापेक्षा कमी येतं. आणि स्क्रीनवर दोन दशांश दिसतात म्हणून दुसरा दशांश खरा मानू नका, ५.१ लिहा, ५.१३ लिहायचा हट्ट नको.

सांभाळायला कटकट आहे, पण फार नाही. प्रत्येक द्रावणानंतर डिस्टिल्ड वॉटरने धुवायचा, टिश्यूने टिपायचा, घासायचा नाही. ठेवताना टोपणात ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडचे थेंब, डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवलात तर इलेक्ट्रोडच्या आतलं क्षार हळूहळू बाहेर निघून जातं आणि मग रीडिंग स्थिर व्हायला फार वेळ लागतो. घेताना एवढं बघा की इलेक्ट्रोड स्क्रू काढून बदलता येतो का, माझ्या मॉडेलमध्ये येतो आणि मी दुसऱ्यांदा पण असाच घेईन, कारण काचेचा बल्ब कधीतरी म्हातारा होणारच, तेव्हा अख्खा पेन टाकून द्यायची वेळ येत नाही.