भाड्याचा फाउलर बेड : मुलाच्या हृदयाच्या ऑपरेशननंतर साडेचार महिने वापरून

नोव्हेंबरात आमच्या २७ वर्षांच्या मुलाची मायट्रल झडप बदलली. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, त्यातून ती खराब झाली होती. छातीचं मधलं हाड उघडून ऑपरेशन झालं आणि स्टीलच्या तारांनी हाड पुन्हा जुळवलं. डिस्चार्जच्या आदल्या दिवशी सिस्टर म्हणाल्या, डोक्याकडून वर होणारा बेड मिळाला तर बघा. नाशिकरोडलाच एका दुकानातून सेमी-फाउलर आणला. भाडं महिना अडीच हजार, डिपॉझिट पाच हजार. जेलरोडला आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दोन पोरांनी सुटे भाग वर आणून पंधरा मिनिटांत जोडून दिला.

सेमी-फाउलरला एकच हँडल असतं, फक्त पाठीकडचा भाग वर होतो. पूर्ण फाउलरला दोन हँडलं, दुसऱ्यानं गुडघ्याखालचा भाग उचलता येतो. हा फरक दुकानात कोणी सांगितला नाही आणि आम्हीही विचारलं नाही. पाठ वर केली की माणूस हळूहळू खाली घसरतो. घसरला की वर सरकायला हातावर जोर देतो, आणि नेमकं तेच करायचं नसतं. चौथ्या दिवशी कमरेखाली लाल चट्टा दिसला तेव्हा आमच्या लक्षात आलं. मग हिनं गुडघ्यांखाली गोधडीची वळकटी ठेवायला सुरुवात केली. पाचशे रुपये जास्त पडले तरी दोन हँडलांचाच घ्या.

बाजूचे कठडे रात्री बरे वाटतात. पण तो उठायला लागला की हात आपोआप कठड्याकडे जायचा. फिजिओथेरपिस्टबाईंनी बजावून ठेवलं होतं की हाड सांधेपर्यंत काही ओढायचं नाही, ढकलायचं नाही. गुडघे दुमडायचे, उशी छातीशी धरून सबंध अंग एकदम कुशीवर वळवायचं, पाय खाली सोडायचे आणि मग उठायचं. खोकतानाही तीच उशी घट्ट धरायची. तेव्हा उठण्याच्या बाजूचा कठडा दिवसा खालीच ठेवा.

गादी रेक्झिनची. थंडीत गार पडते, मार्चमध्ये पाठीला चिकटते, आणि चादर कधी जागेवर राहत नाही. हिनं जुन्या सतरंजीला चारही कोपऱ्यांत नाड्या शिवल्या, तेव्हा तो प्रश्न मिटला. एका चाकाचा ब्रेक पहिल्या दिवसापासून लागत नव्हता. तीन फोन करूनही दुकानातून कोणी आलं नाही, शेवटी मी लाकडाची पाचर मारली. बेड उतरवून घेतानाच चारही ब्रेक स्वतः दाबून बघा.

आता खरी गोष्ट. हँडल पायथ्याशी असतं, त्यामुळे झोपलेल्या माणसाला ते फिरवता येत नाही. पहिल्या आठवड्यात तो रात्री तीन-चार वेळा हाक मारायचा, मी उठून फिरवायचो. नंतर हाका कमी झाल्या. मला वाटलं, झोप लागायला लागली. डिसेंबरातल्या एका पहाटे पाणी प्यायला उठलो, तर हा अर्धवट बसलेला, मान एका बाजूला कललेली, डोळे उघडे. मी विचारलं, "हाक का नाही मारलीस?" म्हणाला, "पप्पा, किती वेळा उठवू तुम्हाला? हँडल करकरतं, मम्मी पण जागी होते." बरेच दिवस तो तसाच बसून रात्र काढत होता. ते ऐकून मला पुढे झोप लागली नाही. सकाळी हँडलच्या आट्यांना शिलाई मशीनचं तेल घातलं, आवाज गेला. देवघरातली घंटी त्याच्या उशाशी ठेवली आणि मी त्याच्या खोलीत जमिनीवर अंथरूण घातलं. परवडत असेल तर रिमोटचा बेड घ्या. एवढ्या मोठ्या मुलाला प्रत्येक वेळी बापाला उठवायचा संकोच वाटतो. आमच्या हे ध्यानातच आलं नव्हतं.

बेडइतकाच उपयोग झाला तो तीन चेंडूंच्या स्पायरोमीटरचा, म्हणजे श्वासाच्या व्यायामाच्या उपकरणाचा. त्यावर ६००, ९००, १२०० असे आकडे असतात, सेकंदाला किती मिली हवा आत ओढली त्याचे. श्वास आत ओढायचा असतो, फुंकायचं नाही. पहिले दिवस एकच चेंडू हलायचा. संक्रांतीला तिसरा वर गेला आणि क्षणभर तिथेच थांबला, तेव्हा ही तिळगुळाची वाटी हातात घेऊन बघतच राहिली.

जानेवारीअखेर तो मुक्तिधाम मंदिरापर्यंत चालत जाऊन आला. डॉक्टर म्हणाले, साधा पलंग चालेल. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, ठरवलेल्या मर्यादेत होता. पालेभाजी कमी-जास्त झाली की तो हलतो, म्हणून मेथी-पालक बंद न करता दर आठवड्याला सारख्याच प्रमाणात चालू होती. बेड तेव्हाच परत द्यायला हवा होता. तो दोनदा म्हणालाही, पण मी "राहू दे अजून महिनाभर" म्हणत एप्रिलपर्यंत ठेवला. तेवढं भाडं निव्वळ माझ्या धास्तीचं. तुम्ही महिन्याच्या बोलीनंच घ्या आणि कधी परत करायचा ते मुलाला ठरवू द्या.

न्यायला दुकानातून एकच पोरगा आला. मी पुढे झालो, तर यानं डोक्याकडची पाटी आधीच धरली होती. मी ओरडलो, "अरे, सोड!"

"पप्पा, डॉक्टरांना विचारलंय मी," म्हणाला, आणि जिना उतरायला लागला.