दिवाळीचं भेटकार्ड: कागजीपुऱ्याचा कागद की जुनी लग्नपत्रिका?

दुकानातलं चकाकतं कार्ड आधीच बाद धरा. त्यावरची चमकी बहुतेक प्लास्टिकची असते आणि लॅमिनेशन केलेल्या कागदाचा पुन्हा लगदा करणं अवघड. उरले दोन पर्याय.

दौलताबादहून खुलताबादकडे जाताना कागजीपुरा लागतं. तिथल्या हातकागदाचं मूळ तुघलकाच्या काळात सांगतात. सुती चिंध्यांचा लगदा पाण्यात कालवायचा, जाळीवर उचलायचा, वाळवायचा. त्यासाठी झाड तोडावं लागत नाही. पाणी मात्र लागतं, आणि मराठवाड्यात पाण्याचा हिशेब धरावाच लागतो. कागद जाडसर, कडा ओबडधोबड, हाताला छान लागतो. शाई फुटू शकते, म्हणून आधी कोपऱ्यावर लिहून बघा.

दुसरीकडे लग्नसराईत घरोघरी साचलेल्या पत्रिका. नवीन काहीच बनवायचं नाही. गणपतीचं चित्र कापा, कोऱ्या बाजूवर दोन ओळी लिहा, मैद्याच्या खळीनं चिकटवा. खर्च जवळपास शून्य. फक्त कुठून 'चि. सौ. कां.' डोकावत नाही ना, तेवढं पाहा!

माझं मत पत्रिकेला. शेजारीपाजारी, भाचेमंडळी, सगळ्यांना तीच. हातकागद ठेवावा मावशी-आत्यांसारख्यांसाठी, ज्या वर्षानुवर्षं कार्डं कपाटात जपतात.