बेड फुकट देत नाहीत, परत मागतात, आणि म्हणूनच चार स्टार

जानेवारीत आई बाथरूममध्ये घसरली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि आठव्या दिवशी डिस्चार्जच्या कागदावर सही करताना डॉक्टर म्हणाले घरी वरखाली होणारा बेड, हवेची गादी, कमोडची खुर्ची आणि वॉकर लागेल. लागेल म्हणजे उद्याच. बाहेर भाड्यानं विचारलं तर नुसत्या बेडचे महिन्याला साडेतीन हजार आणि डिपॉझिट वेगळं. मग इथल्या बेळगावातल्याच टिळकवाडीच्या आत्यानं सांगितलं, "अरे त्या ट्रस्टकडं जाऊन ये की, ते देतात." ट्रस्टचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढं तक्रारपण करणार आहे आणि नाव घातलं की तिथल्या काकांचा चेहरा समोर येऊन हात आखडतो.

आधी सरकारी काय मिळतंय ते बघितलं होतं बरं का. आयुष्मानचं कार्ड आहे, वर्षाला ५ लाखांपर्यंत, पण ते हॉस्पिटलच्या बिलाला, घरी आणल्यावर पुढं तीन महिने पलंग कुठनं आणायचा ते त्यात नाही. केंद्राची एडिप म्हणून स्कीम आहे, त्यात व्हीलचेअर वगैरे मिळते, पण ४० टक्के अपंगत्वाचं सर्टिफिकेट पाहिजे. आई तीन महिन्यांत चालायला लागणार, तिला कोण सर्टिफिकेट देणार? म्हणजे हॉस्पिटलच्या हिशेबात ती बरी झाली आणि दुसऱ्या ऑफिसच्या हिशेबात ती अपंगच नाही, आणि घरात मात्र कूस वळवायला दोन माणसं लागायलेत. ह्या असल्या फटीत कोण काम करतंय तर ह्या ट्रस्टच्या दोन खोल्या, एक वही आणि चार रिटायर्ड माणसं.

बेडला ५००० डिपॉझिट, भाडं दिवसाला १० रुपये, गादी-वॉकर-खुर्चीला मिळून आणखी दीड हजार डिपॉझिट. फॉर्म कन्नड आणि मराठी दोन्हीत छापलाय, पहिल्यांदाच आईनं एखादा फॉर्म स्वतः वाचून अंगठ्याशेजारी सही केली, आपल्याकडं हे किती मोठं आहे ते बेळगाववाल्याला सांगायला नको. काकांनी पहिला प्रश्न काय विचारला, तर दाराची रुंदी किती? मी गप्प. घरी फोन करून टेपनं मोजून घेतली तेव्हा खुर्ची काढली. ह्यावर मला गल्लीतलं जुनं प्रकरण आठवलं. दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या वाटप कार्यक्रमात शेजारच्या आजोबांना नवी कोरी व्हीलचेअर मिळाली, पाहुणे यायचे म्हणून दोन तास उन्हात बसवलं, बॅनरखाली फोटो काढला, आणि घरी आणल्यावर कळलं की ती दारातनं आतच जात नाही. आज तिच्यावर चादरी वाळत घालतात.

बेडपेक्षा मला पटलेली गोष्ट वेगळीच. तिथल्या एक अक्का आहेत, मूळच्या कन्नड, मराठी आपल्यासारखीच बोलतात, त्यांनी मला आणि बायकोला तिथंच रिकाम्या गादीवर झोपवून दाखवलं की पेशंटला दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, टाचेखाली उशी कुठं, चादर ओढायची नाही, उचलायची, नाहीतर कातडी सोलते. तिसऱ्या दिवशी फोन. बेड कसा आहे हे विचारलंच नाही, "रात्री कितीला कूस बदलली? माकडहाडाजवळ लाल झालंय का?" पाठ घेतल्यासारखं. बांगलादेशात ब्रॅक म्हणून संस्था आहे, १९७२ सालची, त्यांच्या बाया १९८० पासून दहा वर्षं घरोघर फिरल्या आणि चिमूटभर मीठ, मूठभर गूळ, पाणी असं जुलाबावरचं औषध चुलीपाशी करायला शिकवलं, एक कोटीच्या वर घरांत. त्यांचा पगार कसा, तर नंतर दुसरी माणसं काही घरांत जाऊन तिथल्या बाईला किती आठवतंय ते तपासायची आणि त्यावर. अक्कांचा फोन आला तेव्हा मला तेच आठवलं, फक्त ह्या अक्कांना पगार कोण देतोय? कुणी नाही.

तिथं मागच्या खोलीत एक गंमत बघितली. प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर पेंटनं "यांच्या स्मरणार्थ". नवी वस्तू द्यायला रांग असते, कंपन्यापण देतात, २०१३ च्या कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्यातला २ टक्के खर्च करायलाच लागतो ना. पण चाकाचं बेअरिंग, गादीचं कव्हर, ऑक्सिजन मशीनचा फिल्टर ह्याच्या स्मरणार्थ कुणी काय देत नाही. २०२१ नंतर आलेली मशीनं फिल्टरसाठी पडून होती म्हणे. उद्यमबागेतल्या वर्कशॉपचा एक पोरगा रविवारी येऊन वेल्डिंग करून देतो म्हणून हे चाललंय. मी जाताना देणगी द्यायला लागलो तर काका म्हणाले, "ऐंशी-जी, म्हणजे देणगीवरची टॅक्सची सूट, पाहिजे असेल तर रोख २००० च्या वर देऊ नका, बसत नाही, चेक द्या, आणि नवी खुर्ची नको हं, चाकाला द्या."

आता तक्रार. एक तर बेड घरी आणून देत नाहीत, छोटा हत्ती टेम्पो आपणच करायचा, माझे जाऊन-येऊन १४०० गेले. दांडा फिरवताना बेड असा करकरतो की रात्री सगळं घर उठतं, तेल आपणच घालायचं. दुपारी १ ते ४ बंद. हे चालतंय. पण ५००० डिपॉझिट आणि वर शहरातला जामीनदार, हे मला पटलेलं नाही. मी असताना खानापूरकडच्या एका गावातला माणूस आलेला, वडलांना लकवा, खिशात ११०० रुपये, बेळगावात ओळख कुणाची नाही. गादी तेवढी मिळाली, बेड नाही. काकांना विचारलं तर म्हणाले डिपॉझिट नव्हतं तेव्हा खुर्च्या परतच यायच्या नाहीत, एक तर लग्नाच्या हॉलवर सापडली. खरं असेल, परत आली तरच पुढच्याला मिळते हे मलापण कळतंय. तरी बीपीएल कार्डवाल्याला ५०० आणि गावच्या ग्रामपंचायत मेंबरची सही एवढ्यावर द्यायला काय हरकत आहे? ज्याच्याकडं ५००० आहेत त्यानं ओढूनताणून भाड्याचा तरी आणला असता की. एक स्टार ह्याचा कापलाय.

आई एप्रिलमध्ये काठीवर आली, बेड परत केला, डिपॉझिट हातात पूर्ण मिळालं, गादी धुऊन न्यायला मात्र सांगतात, डेटॉल नाही, ब्लीचच्या पाण्यानं. जाणार असाल तर आधार कार्डाची झेरॉक्स, डिस्चार्जचा कागद आणि दाराची रुंदी लिहून न्या. सोमवारी सुट्टी.