रोटरी की लायन्स? भाच्याला दिलेलं उत्तर

माझा भाचा बेळगावजवळच्या खानापुरात हार्डवेअरचं दुकान चालवतो. गेल्या महिन्यात आठवड्याच्या आत त्याला दोन बोलावणी आली, सभासद व्हा म्हणून, एक रोटरी क्लबचं, दुसरं लायन्स क्लबचं. दोन्ही समाजसेवा करणारे क्लब. "मामा, दोन्ही सारखंच की. कुठल्यात जाऊ?"

लांबून सारखंच दिसतं खरं. दोन्ही संस्था शिकागोतल्या. रोटरी १९०५ साली पॉल हॅरिस या वकिलानं काढली, लायन्स १९१७ साली मेल्विन जोन्स या विमावाल्यानं. पदाधिकारी दोन्हीकडं दरवर्षी १ जुलैला बदलतात. नेमकी आपल्याकडं तेव्हा भाताची लावणी आणि कणकुंबी-जांबोटीत धो धो पाऊस. गेल्या अध्यक्षानं सुरू केलेलं काम नव्या अध्यक्षानं उचललं नाही तर ते तिथंच भिजतं. त्यामुळं कुठलाही क्लब जोखताना मी आधी विचारतो, तीन वर्षांपूर्वी केलेलं काम आज कसं आहे? टाकीचं उद्घाटन सगळेच करतात, नळ गळायला लागल्यावर कोण जातं ते बघायचं.

आता फरक. लायन्सचं मन डोळ्यांत गुंतलेलं. १९२५ साली हेलन केलर यांनी त्यांच्या अधिवेशनात अंधांसाठी पुढं या म्हणून हाक दिली, तेव्हापासून मोतीबिंदू, चष्मे, नेत्रदान हा त्यांचा हातखंडा. त्यात मधुमेहासारखी कामं नंतर जोडली गेली. रोटरीनं १९८५ पासून पोलिओचा पिच्छा पुरवला. भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात सापडला आणि २०१४ साली आपण पोलिओमुक्त ठरलो. त्यात सरकारचा आणि घरोघर फिरणाऱ्या बायकांचा वाटा मोठा, हेही सांगायला हवं.

पैशाची रीत वेगळी. लायन्समध्ये लोकांकडून सेवेसाठी गोळा केलेला पैसा क्लबच्या खर्चाला वापरायचा नाही, जेवणं आणि कारभार सभासदांच्या वर्गणीतून. रोटरीच्या फाउंडेशनला, म्हणजे देणग्या सांभाळणाऱ्या संस्थेला, वार्षिक निधीत दिलेल्या रकमेचा जवळपास निम्मा हिस्सा तीन वर्षांनी आपल्याच डिस्ट्रिक्टच्या (सरकारी जिल्हा नव्हे, आसपासच्या क्लबांचा गट) कामाला येतो. मोठं अनुदान हवं तर प्रकल्प किमान ३०,००० डॉलरचा लागतो आणि परदेशातला एक क्लब जोडीला. डायलिसिस यंत्रांना ते ठीक. वाडीवरच्या शाळेच्या दोन संडासांना ते पागोटं फार मोठं, त्यासाठी डिस्ट्रिक्टचं छोटं अनुदान बघावं लागतं.

सीमाभागासाठी मात्र एक गोष्ट फार कामाची आहे. रोटरीच्या ३१७० डिस्ट्रिक्टमध्ये बेळगाव, कोल्हापूर, सांगली, गोवा असं सगळं एकत्र येतं, राज्याची हद्द मध्ये येत नाही. लायन्समध्ये बेळगाव हे गोवा आणि उत्तर कर्नाटकाबरोबर, कोल्हापूर वेगळ्या डिस्ट्रिक्टात. निपाणीच्या माणसाला दवाखान्यासाठी कोल्हापूरच जवळ. तिथं ओळखीचा माणूस लागला, तर रोटरीवाल्याला आपल्याच डिस्ट्रिक्टात फोन करता येतो. भाचा निपाणीत असता तर मी डोळे झाकून रोटरी म्हटलं असतं.

पण तो खानापुरात आहे, आणि त्याच्याकडं टेम्पो आहे. नेत्रशिबिरात तपासणी होते, शस्त्रक्रियेला गाडी जाते, फोटो निघतो. पुढं फेरतपासणीला म्हातारीला वस्तीवरून कोण आणणार? डोळ्यात वेळच्या वेळी थेंब पडतात का, चष्म्याचा नंबर काढला का? शिबिरं इथंच फसतात. म्हणून मी त्याला लायन्स म्हटलं. आठवड्यातून एक फेरी मारलीस तरी पुरे.

तो म्हणाला, रोटरीत शाळेच्या टाकीचा, पाइपचा अंदाज मी बरोबर काढून देईन. तेही खरं. अंदाज जरूर काढ म्हटलं, फक्त बिल स्वतःच्या दुकानाचं लावू नकोस, गाव लहान आहे.

वर्गणी किती, जेवणाचं वेगळं किती आणि महिन्यात बैठका किती, हे दोन्हीकडून कागदावर लिहून घ्यायला सांगितलंय. सध्या तो दोन्हीकडं पाहुणा म्हणून जाऊन आलाय. भाचेसुनेचं म्हणणं, बायकांनाही घेतात तर मीच जाते, दुकान तुम्ही सांभाळा.