जुनं 692 बांधायचं की 697 टाकायचं?

सत्तरच्या दशकातली टाटाची 1210 (मालट्रक) दारात उभी आहे, केबिनचं पत्र्याचं काम उरकलंय, आणि बॉनेटखालच्या 692 इंजिनाचं काय करायचं यावर घरात दोन तट पडलेत. मिस्त्री म्हणतो, "भंगारातून 697 इंजिन आणू, आठवड्यात गाडी चालू करून देतो." मालकाला वाटतं, ज्या इंजिनानं ऊस आणि सुताच्या खेपा मारून घर उभं केलं, तेच परत वाजावं. तिसरा पर्याय कुणी तोंडानं बोलत नाही, पण करतात बरेच जण: हेड उतरवायचं, पिस्टनच्या रिंगा बदलायच्या, वरून सिल्व्हर मारायचा.

या तिसऱ्याचा निकाल आधी लावून टाकतो. एवढी वर्षं चाललेल्या लायनरला (पिस्टन ज्या नळीत वरखाली होतो ती) वरच्या टोकाशी कडा आलेली असते आणि बोअर, म्हणजे त्या नळीचं भोक, गोल राहिलेला नसतो. नवी रिंग त्या कडेवर आपटून तुटते, नाहीतर लंबगोल भिंतीला नीट टेकतच नाही. थोड्याच दिवसांत ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनाच्या श्वासनळीतून, धूर आणि डिपस्टिकवर ऑइल गायब. खंडेनवमीला अंगणातून काढून रस्त्यावर पूजेला उभी करायची, एवढंच असेल तर करा.

आता खरे दोन. या इंजिनांच्या नावातच त्यांचं माप आहे: सहा सिलिंडर, 92 मिमीचा बोअर म्हणजे 692, सहा सिलिंडर, 97 मिमी म्हणजे 697. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली चाल, पहिल्याचा 120, दुसऱ्याचा 128 मिमी. म्हणजे एक पावणेपाच लिटरच्या जरा वर, दुसरं साडेपाचच्या पुढे. ओढ 697 ला नक्कीच जास्त. पार्टही 697 चे लवकर मिळतात, कारण त्या इंजिनाच्या गाड्या अजून रस्त्यावर जास्त आहेत. 692 चा एखादा गॅसकेट सेट किंवा रॉकर शोधायला चार दुकानं पालथी घालावी लागतील. पण हौसेनं उभ्या केलेल्या गाडीत तुम्ही दहा टन भरणार आहात का? नसाल, तर जास्तीची ओढ तुमच्या काय कामाची? उलट मोठं इंजिन जुन्या क्लचवर आणि गिअरबॉक्सवर ताण टाकतं, आणि माउंटिंग, रेडिएटरचे पाइप, सायलेन्सरची लाइन जुळवत बसावी लागते. "आठवड्यात चालू" हे त्या जुळवाजुळवीपूर्वीचं बोलणं असतं.

शिवाय कागद. आरसीवर इंजिन नंबर असतो. इंजिन बदललं की एमएच-13 च्या, म्हणजे आपल्या सोलापूरच्या, आरटीओत नोंद करावी लागते, आणि त्यासाठी आणलेल्या इंजिनाचं बिल हवं. भंगारवाल्याकडून ते आधी मागा, मग पैसे मोजा. कुणी म्हणेल, आता व्हिंटेज नोंदणी आहे ना! केंद्रानं 2021 मध्ये ते नियम आणले खरे, 50 वर्षांवरच्या गाड्यांसाठी. पण ते दुचाकी आणि प्रवासी चारचाकींपुरते आहेत, मालट्रकला त्यात जागा नाही.

एवढं लिहून मी 692 च्या बाजूनं झुकलोय हे दिसतंच आहे. तरी इंजिन खोलल्याशिवाय ठरवू नका. निर्णय दोन वस्तूंवर आहे, ब्लॉक (सिलिंडर ज्यात असतात ते ओतीव अंग) आणि क्रँक (पिस्टनच्या चालीनं फिरणारा दांडा). ब्लॉक कॉस्टिकच्या टाकीत उकळून घ्या, त्याच्या बाजूची झाकणं, म्हणजे कोअर प्लग, काढा आणि आतलं गाळ-गंज बघा. आपल्याकडे वर्षानुवर्षं बोअरवेलचं पाणी रेडिएटरात ओतलेलं असतं. वॉटर जॅकेटमध्ये, म्हणजे सिलिंडरांभोवतीच्या पाण्याच्या पोकळीत, चुन्याचा थर बोटभर निघाला तरी नवल मानू नका. तो तसाच ठेवून नवं लायनर-पिस्टन टाकलं, तर एप्रिलच्या उन्हात मोहोळच्या अलीकडेच सुई लाल. (बांधून झाल्यावर तरी कूलंट घाला, हापशाचं पाणी नको.) मग हेड आणि ब्लॉकची प्रेशर टेस्ट. दोन सिलिंडरांच्या मधल्या पुलावर किंवा मेन बेअरिंगच्या खोबणीशी तडा असेल, तर हट्ट सोडा. 697 टाका आणि जुनं इंजिन स्टँडवर ठेवून द्या.

क्रँकचं मी स्वतः भोगलंय. ग्राइंडिंग 20 साइझपर्यंत म्हणजे सुमारे अर्धा मिलिमीटर केलं, माप अगदी बरोबर आलं, आणि गाडी नऊशे किलोमीटरवर एक मोठा आवाज देऊन थांबली. जर्नल, म्हणजे क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग, जिथं बाजूच्या गालाला मिळते तो कोपरा गोल ठेवायचा असतो; ग्राइंडिंगवाल्यानं चाक काटकोनात नेलं होतं. ताण बरोबर तिथं साठतो आणि क्रँक तिथूनच तुटते. म्हणून काम टाकताना "साइझ किती" एवढंच विचारू नका. कोपऱ्याची गोलाई काय ठेवणार ते विचारा, आणि आधी क्रॅक टेस्ट मागा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मागाचे पार्ट करणाऱ्या लेथवाल्यांचे हात फार पक्के असतात, पण क्रँकला लेथ नाही, क्रँक ग्राइंडरच लागतो. तसं मशीन आणि तसा माणूस जवळ नसेल, तर क्रँक कोल्हापूर किंवा पुण्याला पाठवण्याचं भाडं खर्चात धरा.

पैशाचं सांगायचं तर नीट बांधलेलं 692 हे चालू 697 पेक्षा महाग पडतं, आणि महिने खातं. लायनर दाबून बसवणं, बोअर, होनिंग (बोअरला आतून शेवटचं घासणं), बेअरिंग, व्हॉल्व्ह सीट, ऑइल पंप. आणि मायकोचा डिझेल पंप बेंचवर कॅलिब्रेट करून नोझलसकट. लोक इथंच हात आखडतात आणि मग नव्या इंजिनातून काळा धूर का येतो म्हणून मिस्त्रीला शिव्या देतात. पण "चालू" म्हणून आणलेलं 697 सुद्धा न खोलता बसवू नका. खोललं की त्यातही अर्धं काम निघतंच, मग स्वस्ताईतला बराच भाग उडून जातो.

गाडीच्या जाळीवर अजून मर्सिडीजची चांदणी असेल तर माझ्याशी वादच घालू नका. टेल्को (टाटांची ट्रक बनवणारी कंपनी) आणि मर्सिडीजवाल्या डाइमलर-बेंझचा करार 1954 चा, तो 1969 ला संपला, चांदणी गेली आणि "टी" आला. त्या आधीच्या गाडीतलं इंजिन प्री-चेंबरचं, म्हणजे डिझेल आधी छोट्या कप्प्यात पेटवणारं, चावी फिरवून हीटर लाल होईपर्यंत थांबायला लावणारं. त्याचा आवाज वेगळा आहे, ते काढू नका.

राहिलं सजवणं. दोन्ही इंजिनांना नियम एकच, पण 692 ला तो जास्त लागू. वाळूनं ब्लास्टिंग अजिबात नको, एक कण ऑइलच्या वाटेत राहिला तर नवी बेअरिंग गेली समजा. डिझेल, तारेचा ब्रश आणि चिकाटी पुरते. जुनं गॅसकेट कोरडं खरवडू नका, त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतं. ओलं करून सोडवा, धूळ उडू देऊ नका. एक्झॉस्ट मॅनिफोल्डला उष्णता सोसणाराच रंग, साधं इनॅमल पहिल्याच तापण्यात जळून वास मारतं. रॉकर कव्हरला क्रोम करून आणणारे लोक आहेत, ते लग्नाच्या बँडच्या गाडीला शोभतं. मूळ रंग कोणता हे मात्र कुणाला विचारू नका: पंपाच्या ब्रॅकेटमागे किंवा नंबरच्या पट्टीखाली नखानं खरवडा, सगळ्यात खालचा थर तोच.